सुरीच्या मुठीचं लाकूड स्टॅबिलाइज करताय? या चुका टाळा

स्टॅबिलाइज करणं म्हणजे पंपाने हवा ओढून (व्हॅक्यूम) लाकडाच्या छिद्रांत पातळ रेझिन मुरवायचं आणि मग तापवून ते घट्ट करायचं. "घरी केलं तर स्वस्त पडेल ना?" या प्रश्नावर मी आता उलट विचारतो, वर्षाला सुऱ्या किती करता? पाच-सहा असतील तर पंप, भांडं, रेझिन यांच्या वाटेलाच जाऊ नका. तयार ठोकळे घ्या, नाहीतर करून देणाऱ्याकडे पाठवा. ते बऱ्याचदा वजनावर पैसे घेतात, तेही रेझिन प्यायल्यानंतरच्या वजनावर. हलकं, सच्छिद्र लाकूड स्वतःच्या वजनाइतकं रेझिन सहज पितं. तरी लोक सालीसकट जाडजूड तुकडे पाठवतात आणि मग बिल पाहून चिडतात. कापून टाकायचा भाग आधीच कापा. अगदी मापाला मात्र नको, तापवताना लाकूड थोडं वाकतं. मी प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर सोडतो.

घरी करणाऱ्यांचा खरा खर्च पंपाचा नसतो, घाईचा असतो. माझंच सांगतो. मेपलच्या गाठीचे चार ठोकळे 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवले. बाहेर काढून तासाभराने हात लावला, कोमट लागले. म्हटलं, चालतंय. बाटलीभर रेझिन ओतलं, पंप लावला आणि दुसऱ्या कामाला लागलो. परत येऊन बघतो तर फेस होता तसाच, पण हलत नव्हता. काडी टोचली, ती उभीच राहिली. हे रेझिन साधारण 90 अंशांना घट्ट होतं, आणि मी त्यात पोटातून अजून गरम असलेलं लाकूड बुडवलं होतं! चार ठोकळे, पूर्ण बाटली आणि भांडं घासण्यात गेलेला रविवार, एवढी त्या घाईची किंमत.

तेव्हापासून ओव्हनमधून काढलेले ठोकळे हवाबंद पिशवीत रात्रभर. उघडे ठेवले तर हवेतला ओलावा परत ओढतात.

"दहा वर्षं माळ्यावर होतं, वाळलेलंच आहे" हे तर ऐकूच नका. हवेत वाळलेल्या लाकडातही आठ-दहा टक्के पाणी असतं. व्हॅक्यूममध्ये त्याची वाफ होत राहते, बुडबुडे थांबत नाहीत आणि रेझिनला आत जागाच मिळत नाही. मी वजनकाट्यावरच विश्वास ठेवतो. काही तासांच्या अंतराने दोनदा वजन सारखं भरलं, की वाळलं.

बुडबुडे थांबले की ठोकळे लगेच बाहेर काढू नका. रेझिन खरं आत शिरतं ते व्हॅक्यूम सोडल्यावर, बाहेरच्या हवेच्या दाबाने. पंप जितका वेळ चालला त्याच्या दुप्पट वेळ तरी बुडू द्या.

शिसम, आबनूस असली तेलकट, घट्ट लाकडं यात घालू नका. पीत नाहीत, आणि त्यांना गरजही नाही.

इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) पातळ करून "तेच काम" होत नाही.

तापवण्याआधी प्रत्येक ठोकळा फॉइलमध्ये वेगळा गुंडाळा, नाहीतर छिन्नीने सुटे करत बसाल.

उरलेलं रेझिन गाळून थंड जागी ठेवा, पण गडद लाकडाचं वेगळ्या बाटलीत. मी एकदा अक्रोडाचं उरलेलं पांढऱ्या मेपलला वापरलं. मूठ चहा सांडल्यासारखी निघाली.