गॅरेजचं दार: या चुका टाळा, आणि स्प्रिंगला हात लावू नका

अमेरिकेत घर घेताना आपली मंडळी ओटा केवढा आहे ते बघतात, देवघर कुठे बसेल ते बघतात, शाळेचं रेटिंग तर घर बघायच्या आधीच पाठ असतं. गॅरेजच्या दाराकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. घरातली सगळ्यात जड हलणारी वस्तू तीच. दोन गाड्यांचं दार सहज दीडशे-दोनशे पौंडांचं असतं. आणि आपल्याकडे तर तेच खरं मुख्य दार. तोरण समोरच्या दाराला, पण चपला, सायकली, तांदळाची पोती, सगळी ये-जा गॅरेजमधून.

तरी दर घरात त्याच त्या चुका दिसतात. आता लोकांच्या घरी जेवायला गेलो की आधी गॅरेजच बघतो, एवढी खोड लागली आहे.

सेन्सर "गप्प" करणं

दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, दोन छोटे डोळे असतात, तेच सेन्सर. एकातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो टिपतो. मध्ये काही आलं की खाली येणारं दार उलटं वर जातं. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला, म्हणजे दार उघडबंद करणाऱ्या मोटरच्या यंत्राला, असं संरक्षण इथल्या केंद्रीय कायद्याने सक्तीचं आहे. कायदा उगाच आला नाही. दाराखाली सापडून लहान मुलं दगावत होती म्हणून आला.

न्यू जर्सीत एका मित्राच्या वास्तुशांतीला गेलो होतो. घर जुनंच, दुसऱ्या हाताचं. पंगत गॅरेजमध्ये मांडलेली, मसालेभाताचा ट्रे फोल्डिंगच्या टेबलावर. सहज वर बघितलं तर मोटरच्या बाजूला, छताला लागून, दोन्ही सेन्सर एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून काळ्या टेपने गुंडाळलेले. म्हणजे किरण तुटायचा प्रश्नच नाही. ओपनरला वाटतं खाली सगळं मोकळं आहे.

मित्राला दाखवलं तर म्हणाला, "अरे, सारखं अडत असेल म्हणून आधीच्या मालकाने केलं असणार. बरंच झालं ना, कटकट नाही."

पेपर प्लेट्सचा रिकामा खोका दाराखाली ठेवला आणि बटण दाबलं. दाराने खोका सपाट केला आणि त्यावर दाबतच राहिलं. ड्राइव्हवेवर त्याच वेळी पोरांचा खेळ काय चालला होता? दार खाली येताना कोण शेवटी बाहेर पळतं याची शर्यत. मित्राचा चेहरा उतरला. घर घेण्याआधी केलेल्या होम इन्स्पेक्शनच्या अहवालात ही गोष्ट फोटोसकट लिहिलेली होती, नंतर बघितली. वाचायला वेळ कुणाला होता!

सेन्सर अडवतो तेव्हा बहुतेक वेळा कारण फालतू असतं. कोळ्याचं जाळं, टेकवून ठेवलेला झाडू, कचऱ्याच्या डब्याचा धक्का लागून वाकलेली पट्टी. ओल्या फडक्याने काच पुसायची, पट्टी हाताने सरळ करायची, दोन्ही दिवे न लुकलुकता स्थिर लागले की झालं. फक्त दुपारीच दार अडत असेल तर ऊन थेट पकडणाऱ्या डोळ्यात शिरतंय. तेव्हा दोन्ही सेन्सरची अदलाबदल करा, म्हणजे तो सावलीत जाईल. टेप लावण्यापेक्षा फार तर दहा मिनिटं जास्त लागतील. भिंतीवरचं बटण दाबून धरलं की बऱ्याच ओपनरमध्ये सेन्सर अडवत असतानाही दार खाली येतं. ती सोय सेन्सर बिघडल्यावर डोळ्यांदेखत दार बंद करायला आहे, रोजची सवय करायला नाही.

मी वीजबिल भरतो त्या दिवशी दार खाली येत असताना झाडूचा दांडा किरणात घालतो. दार फिरलं पाहिजे. मग दार उघडून एक टू-बाय-फोर लाकूड जमिनीवर आडवं ठेवतो, म्हणजे दीड इंच जाडी, आणि पुन्हा बंद करतो. लाकडाला टेकताच दार परत वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर दुरुस्त होईपर्यंत ओपनर वापरू नये. थंडीत दार जड चालतं म्हणून मोटरच्या मागचा फोर्सचा स्क्रू पिळणारे महाभाग असतात. दाराला तेल हवं असतं आणि हे जोर वाढवतात. मित्राच्या घरी खोका त्यामुळेच चेपला होता.

तुटलेली स्प्रिंग आणि लाल दोरी

दार मोटर उचलते असा सर्वांचा समज असतो. मोटर फक्त ढकलते. वजन तोलते ती दाराच्या वरच्या आडव्या पाइपवरची पिळलेली स्प्रिंग. साधी स्प्रिंग साधारण १०,००० वेळा उघडझाप सोसते. दिवसातून चार वेळा धरलं तर सात वर्षांच्या आत संपली. आपल्या घरांत चार वेळा तर सकाळी आठच्या आतच होतात.

टेक्ससमध्ये एका ओळखीच्या जोडप्याकडे बायकोचे वडील, म्हणजे घरातले आजोबा, भारतातून राहायला आले होते. जन्म कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेलेला, हात स्वस्थ बसत नाहीत. रात्री धाडकन आवाज झाला. सगळ्यांना वाटलं ॲटिकमध्ये काही पडलं. सकाळी मुलगी-जावई दुसऱ्या गाडीने गेले आणि आजोबांनी बटण दाबलं. मोटर कण्हली, दार कंबरेएवढं वर आलं आणि थांबलं. दोनपैकी एक स्प्रिंग मधोमध तुटली होती, वेटोळ्यांत दोन बोटांची फट स्पष्ट दिसत होती. पण ते बघायच्या आधी त्यांनी लाल दोरी ओढली.

ती दोरी दाराला मोटरपासून सोडवते. स्प्रिंग शाबूत असेल तर दार हाताने चालतं. स्प्रिंग तुटलेली असेल आणि दार वर असेल तर धरणारं कुणीच उरत नाही. दार दाणकन खाली आलं. कडेखाली कचऱ्याचा प्लास्टिकचा डबा होता, तो उभा चिरला. आजोबा आत स्टुलावर होते म्हणून निभावलं. मग ते पाना घेऊन राहिलेल्या स्प्रिंगचे बोल्ट सोडवायला निघाले. आजी दारात येऊन ओरडल्या, "अहो, राहू द्या ते! जावई आल्यावर बघतील." त्या दिवशी घरात एकच माणूस शहाणा होता.

उरलेली स्प्रिंग पूर्ण पिळलेली होती. तिचे स्क्रू सैल झाले असते तर सगळा पीळ पान्यावर आणि मनगटावर आला असता. यूट्यूबवर अर्ध्या तासात स्प्रिंग बदलून दाखवणारे आहेत. ते रोज तेच करतात आणि त्यांच्याकडे स्प्रिंगच्या टोकाच्या भोकांत नेमके बसणारे वाइंडिंग बार, म्हणजे पीळ द्यायच्या सळया, असतात. तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हर असतो. दोन-चारशे डॉलर वाचवायची ही जागा नव्हे. दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या पट्टीलाही केबल ताणून बांधलेली असते. तिचे बोल्ट बऱ्याचदा लाल रंगवलेले असतात, ते उगीच नाही.

आवाज झाला की वर बघा. फट दिसली तर बटण दाबू नका, दार खाली असेल तसं राहू द्या, माणूस बोलवा आणि दोन्ही स्प्रिंग एकदम बदलून घ्या. एक गेली म्हणजे दुसरीचंही तेवढंच वय झालेलं असतं. रुळांच्या बाजूने ताणणाऱ्या लांब स्प्रिंग असतील तर प्रत्येकीतून सेफ्टी केबल गेली आहे का तेही विचारा. नाहीतर तुटलेला तुकडा गॅरेजभर उडतो.

लाल दोरी ओढायची ती दार पूर्ण खाली असताना. घरी आई-वडील येऊन राहिले की मी म्हणतो, त्यांना टीव्हीचा रिमोट नंतर शिकवा, आधी हे. वीज गेली की दार कसं उघडायचं हे दुपारी घरात एकटे असणाऱ्यांनाच माहीत नसतं. कॅलिफोर्नियात २०१७च्या वणव्यांत वीज गेल्यावर लोक गॅरेजमध्ये अडकले. त्यानंतर १ जुलै २०१९ पासून तिथे नव्या ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा झाला. इतर ठिकाणी राहत असाल तरी नवा घेताना बॅटरीवालाच घ्या.

स्प्रिंग थकली आहे का हे कळायला दार खाली असताना दोरी ओढा आणि हाताने अर्ध्यावर उचलून सावकाश हात सैल करा. जागीच राहिलं तर ठीक. खाली घसरलं किंवा वर पळालं तर तोल गेलाय.

बाकी थोडक्यात

रुळांना ग्रीस फासू नका, धूळ चिकटून लापशी होते. तेल बिजागऱ्यांना, रोलरच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगवर हलकंसं, तेही सिलिकॉन किंवा लिथियमचं. साधं डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला ठीक, वंगण म्हणून टिकत नाही.

दार हाताने ओढताना पट्ट्यांच्या सांध्यात बोटं घालू नका. पोरं हमखास तिथेच धरतात. आतून-बाहेरून हँडल बसवून घ्या. भिंतीवरचं बटण निदान पाच फुटांवर हवं.

रिमोट गाडीच्या सनव्हायझरला आणि गाडी रात्रभर बाहेर, म्हणजे घराची किल्लीच बाहेर. गॅरेजमधून घरात जाणाऱ्या दारालाही कुलूप लावा.

आता बांगडे. घरात वास नको म्हणून गॅरेजमध्ये गॅसची शेगडी आणि बाहेर वास नको म्हणून दार फूटभरच वर, हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता बोलायचाही कंटाळा येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो त्या फटीतून शहाण्यासारखा बाहेर जात नाही, घरात शिरतो. थंडीत गाडी गॅरेजमध्येच सुरू ठेवून गरम करण्याचंही तेच. दार पूर्ण उघडं असलं तरी धूर घरात येतो. गाडी सुरू केली की लगेच बाहेर काढा. मासे मागच्या अंगणात तळा, शेजाऱ्यांना येऊ द्या वास. आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते आज बघा. फोडणीच्या धुराने तो वाजतो असं सांगून बॅटरी काढणाऱ्यांनी आधी छताकडे नीट बघावं. धुराने वाजतो तो स्मोक अलार्म. तो वेगळा, आणि त्याचीही बॅटरी परत घालायची आहे.