जुन्या जीपची बॉडी दुसऱ्या चॅसीवर बसवताना या चुका टाळा

महाराष्ट्रात डोंगर-चिखलाची हौस असलेल्या मंडळींच्या मनात एक बेत हमखास घोळत असतो. एखाद्या अंगणात जुनी महिंद्रा सीजे-3बी उभी असते, तिची बॉडी दुरुस्त होण्याजोगी असते पण चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजून पोखरलेली असते. दुसरीकडे भंगारात निघालेल्या बोलेरोची चॅसी, इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा धडधाकट मिळते. एकीची बॉडी आणि दुसरीची चॅसी जोडली की मनासारखी गाडी तयार होईल, असे कागदावर सोपे दिसते. गाडी उभीही राहते, परंतु काही महिन्यांतच तक्रारी सुरू होतात: काचेची चौकट कोपऱ्यात तडकते, 60 च्या वेगाला खालून थरथर येते, वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही. अशा तक्रारी घेऊन मालक रंगारी, टायरवाला आणि अलाइनमेंटवाला यांच्याकडे फेऱ्या मारत राहतो, परंतु खरे कारण बहुतेक वेळा पहिला काप देण्याआधी न घेतलेल्या किंवा चुकीच्या ठिकाणाहून घेतलेल्या मापात असते.

तांत्रिक बाबींकडे वळण्यापूर्वी कायद्याचा प्रश्न स्पष्ट केला पाहिजे, कारण सर्वांत महागडी चूक तिथेच होते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा असाच काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्याने मांडलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. चॅसी क्रमांकाचा तुकडा कापून दुसऱ्या चॅसीवर जोडणे हा तर सरळ गुन्हा आहे आणि तसे सुचवणाऱ्या कारागिराच्या गॅरेजमधून गाडी त्याच दिवशी बाहेर काढावी. म्हणून पुढील सर्व विवेचन ट्रेलरवरून नेऊन खासगी जमिनीवर किंवा गोव्यात पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत चालवायच्या गाडीपुरते आहे. मोजमाप, बॉडी माउंट (बॉडी चॅसीवर जिथे टेकते त्या जागा) आणि वायरिंग यांविषयीचे भाग मात्र मूळ चॅसीवर मूळ प्रकारचीच बॉडी पुन्हा बसवणाऱ्यांनाही तितकेच उपयोगी पडतील.

लांबीचा हिशेब न करता चॅसी कापणे

सीजे-3बीच्या दोन आसांमधील अंतर 80 इंच, म्हणजे 2,032 मिलिमीटर आहे, तर बोलेरोचे 2,680 मिलिमीटर. बॉडी जशीच्या तशी बसवायची तर चॅसी 648 मिलिमीटर आखूड करावी लागते. कापणारा सहसा ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे सोयीची सरळ जागा पाहून काप देतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस आपल्या जागी राहतात, त्यामुळे कमी झालेली सगळी लांबी एकट्या मागच्या प्रोपेलर शाफ्टमधून (मागच्या आसाकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यातून) वजा होते, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही.

एक उदाहरण घेऊ. ट्रान्सफर केसच्या तोंडापासून मागच्या हौसिंगच्या (आसाच्या लोखंडी कवचाच्या) पिनियनपर्यंतचे, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो तिथपर्यंतचे, आडवे अंतर 1,000 मिलिमीटर आणि उंचीतला फरक 150 मिलिमीटर असेल, तर शाफ्टचा कल सुमारे साडेआठ अंश येतो. चॅसी 250 मिलिमीटरने आखूड केली तर तोच कल सव्वाअकरा अंशांच्या आसपास जातो, आणि पूर्ण 648 मिलिमीटरने आखूड केली तर तो 23 अंशांवर पोहोचतो. या शेवटच्या स्थितीत शाफ्टच्या टोकांचे साधे क्रॉस जॉइंट फार काळ तग धरत नाहीत, शिवाय मागचे चाक खाली लोंबले की कल आणखी वाढतो. 2010 साली आलेल्या पहिल्या थारचे आसांमधील अंतर 2,430 मिलिमीटर होते, म्हणजे बोलेरोपेक्षा बरोबर 250 मिलिमीटर कमी. माझा आग्रह असा की चॅसी तेवढीच आखूड करावी आणि उरलेला फरक बॉडीचा मागचा भाग लांबवून भरून काढावा, कारण बॉडीच्या पत्र्याचे काम चुकले तर पुन्हा करता येते. फार आखूड गाडी उभ्या चढावर पुढून हलकी होते, हा धोका वेगळाच.

माउंटवरून बॉडीची जागा ठरवणे

चॅसीवर आधीपासून असलेल्या ब्रॅकेटांवर बॉडी टेकवायची आणि मग चाके कमानीत कुठे येतात ते पाहायचे, ही सर्रास आढळणारी उलटी पद्धत आहे. पुढच्या आसाची मध्यरेषा आणि मडगार्डच्या कमानीचा मध्य आधी जुळवावा. त्यानंतर रेडिएटर आणि पंखा यांतील जागा, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली भिंत) आणि इंजिनाच्या मागच्या भागातील अंतर आणि स्टिअरिंग शाफ्टचा मार्ग तपासावा. हे तिन्ही जमले की मगच माउंटच्या जागा आखाव्यात आणि जुने ब्रॅकेट कितीही मजबूत दिसले तरी ते आड येत असतील तर काढून टाकावेत.

मोजण्यासाठी गवंड्याची साधने पुरेशी आहेत. चॅसी चार स्टँडवर पाणसळ लावून समतल करावी, मग पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या बुशांपासून, आसांच्या टोकांपासून आणि आडव्या पट्ट्यांच्या ठरावीक छिद्रांपासून ओळंबा सोडून फरशीवर खुणा कराव्यात आणि त्या खुणांमधील कर्ण मोजावेत. दोन कर्णांतला फरक 3 मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला तर चॅसी आधीच तिरकी आहे असे समजावे आणि ती सरळ होईपर्यंत कापकामाला हात लावू नये. अपघातातून आलेल्या चॅसीच्या बाबतीत ही तपासणी टाळणे म्हणजे पुढचे सगळे श्रम पाण्यात घालणे होय.

काप आणि जोड

शिडीसारख्या चॅसीच्या लांब पट्टीवर वजन आले की सर्वांत जास्त ताण वरच्या आणि खालच्या फ्लँजवर (आडव्या कडांवर) येतो, तर मधल्या उभ्या भागाच्या मध्यावर तो जवळजवळ शून्य असतो. करवतीने सरळ उभा काप देऊन टोकाला टोक लावून वेल्ड केले, तर दोन्ही फ्लँजचे जोड एकाच रेषेत येतात आणि सगळा ताण त्या एका रेषेवर पडतो. काप तिरका किंवा पायरीचा असावा, म्हणजे वरचा आणि खालचा जोड एकमेकांपासून दूर जातात. तो पाट्यांच्या हँगरपासून, वाकलेल्या भागापासून आणि आडव्या पट्टीच्या जोडापासूनही लांब ठेवावा. कापण्यापूर्वी दोन्ही लांब पट्ट्यांना अँगलचे तात्पुरते आडवे-तिरके टेकू टाके मारून लावावेत, नाहीतर काप पूर्ण होताच चॅसी स्वतःच्या वजनाने उमलते.

जोडावर आतून जोडपट्टी द्यावी, पण ती चॅसीच्या पत्र्यापेक्षा जाड नको. जाड पट्टीने जोड मजबूत झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात पट्टी संपते तिथे कडक आणि लवचीक भागांची सीमा तयार होते आणि चॅसी नेमकी तिथेच तडकते. पट्टीची टोके चौकोनी न ठेवता निमुळती करावीत आणि टोकाला फ्लँजच्या आडवे वेल्ड मारू नये. फ्लँजमध्ये छिद्र पाडण्याचा मोहही टाळावा, पाइप किंवा वायरच्या पकडीसाठी छिद्र हवेच असेल तर ते उभ्या भागाच्या मध्याजवळ घ्यावे.

खिडक्या-ग्रिल बनवणाऱ्या दुकानात सर्रास वापरली जाणारी वेल्डिंगची 6013 कांडी चॅसीसाठी घेऊ नये. 7018 सारखी कमी हायड्रोजनची कांडी ओव्हनमध्ये तापवून, कोरडी ठेवून वापरावी, आणि कोकणातल्या जूनच्या दमट हवेत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण ओलसर कांडीने मारलेला जोड वरून सुबक दिसतो आणि आतून भेगाळतो. एका बाजूला सलग वेल्ड न मारता थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे करत जावे आणि मध्ये निवू द्यावे, म्हणजे उष्णतेने चॅसी ओढली जात नाही. बॅटरीची दोन्ही टोके सुटी करावीत, इंधनाची टाकी बाहेर काढावी आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाजवळच लावावी. ती दूर कुठेतरी हौसिंगला लावली तर प्रवाह बेअरिंगमधून वाहतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात. चॅसीची पुढची चाके टॉर्शन बारवर (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांवर) असतील, जशी पहिल्या थारची होती, तर त्या बारची मागची टोके धरून ठेवणारी आडवी पट्टी कोणत्याही कारणाने कापू किंवा हलवू नये.

काचेची चौकट का तडकते

ही तक्रार मी स्वतः बांधलेल्या पहिल्या जीपमध्ये अनुभवली. चौकटीचा डावा कोपरा तीनदा वेल्ड केला आणि तीनदा तडकला. शेवटी बॉडीचे सगळे बोल्ट सैल केले तेव्हा एका ब्रॅकेटवर बॉडी 6 मिलिमीटर अधांतरी उभी राहिली. मी बोल्ट आवळून तिला खाली ओढून बसवले होते आणि तो ताण पत्र्यातून प्रवास करत सर्वांत कमकुवत कोपऱ्यात प्रकट होत होता. बॉडी बोल्टांशिवाय सर्व माउंटवर आपोआप टेकली पाहिजे आणि जिथे फट राहील तिथे शिम (पातळ पत्र्याची चकती) घालावी.

बॉडी थेट चॅसीला वेल्ड करणे ही याच चुकीची मोठी बहीण आहे. खडकावरून जाताना शिडीची चॅसी पिळवटते आणि तसे होणे तिच्या रचनेतच अभिप्रेत आहे. त्या पिळापासून बॉडीला वाचवण्याचे काम रबरी बुश करतात. बुश दोन अर्ध्यांचा असावा आणि मध्ये लोखंडी नळी असावी, म्हणजे बोल्ट कितीही आवळला तरी रबर ठराविक मर्यादेपलीकडे दबत नाही. सगळे बसवून झाल्यावर, रंग देण्याआधी, कर्णाच्या दोन टोकांची दोन चाके (एक पुढचे, दुसरे विरुद्ध बाजूचे मागचे) जॅकने उचलून गाडी पूर्ण पिळावी आणि बॉडी चॅसीला, पाइपला किंवा एक्झॉस्टला कुठे टेकते ते टॉर्च घेऊन पाहावे. मागच्या ब्रेकचा रबरी पाइप पूर्ण लोंबलेल्या हौसिंगपर्यंत ताण न येता पुरतो का, हेही याच वेळी कळते. ब्रेकच्या लोखंडी नळीऐवजी फ्रिजची तांब्याची नळी वापरू नये, ती थरथरीने कडक होऊन तुटते.

थरथर, भरकटणे आणि न समजणारे वायरिंगचे दोष

वेगाबरोबर वाढणारी थरथर आली तर शाफ्ट आखूड केल्यानंतर तो मशिनवर बॅलन्स केला होता का, दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुशाखी तुकडे) एका रेषेत आहेत का आणि ट्रान्सफर केस व पिनियन यांच्या अक्षांचे कल एकमेकांशी सुमारे एका अंशाच्या आत जुळतात का, या क्रमाने तपासावे.

गाडी सरळ रस्त्यावर भरकटत असेल तर आधी डाव्या आणि उजव्या बाजूचे आसांमधील अंतर मोजावे. दोन्हींत फरक असेल तर हौसिंग तिरके बसले आहे आणि अलाइनमेंटने तो दोष जाणार नाही. दोन्ही समान असतील आणि तरी स्टिअरिंग वळणानंतर परत येत नसेल, तर कॅस्टर (पुढची चाके ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकलेला कल) कमी झाला आहे असे समजावे. जीपच्या पुढच्या पाट्यांना शॅकल (पाटा चॅसीला टांगणारी हलती कडी) पुढच्या टोकाला असेल आणि उंचीसाठी लांब शॅकल लावले असेल, तर असे होतेच. मुळात 50 मिलिमीटर लांब शॅकलने गाडी जेमतेम 25 मिलिमीटर उचलली जाते, त्यामुळे या मार्गाने मिळते कमी आणि जाते जास्त. उंची हवीच असेल तर योग्य कमानीचे पाटे घ्यावेत. स्टिअरिंग शाफ्टमध्ये तिसरा जॉइंट घालावा लागला तर मधल्या शाफ्टला आधाराचे बेअरिंग अनिवार्य आहे, नाहीतर शाफ्ट मध्येच दुमडू शकतो.

हेडलाइट लावले की तापमानाचा काटा हलतो, हॉर्न वाजवला की लाइट मंद होतात, अशा दोषांसाठी नवीन सेन्सर आणण्याआधी अर्थिंग पाहावे. बॉडी रबरावर आणि इंजिनही रबरी फाउंडेशनवर असते, म्हणून बॅटरी, इंजिन, चॅसी आणि बॉडी यांना जोडणाऱ्या जाड विणलेल्या पट्ट्या रंग खरवडून उघड्या लोखंडावर बसवाव्या लागतात. त्या विसरल्या तर स्टार्टरचा प्रवाह अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून चिकटते.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर पाटे आसाला आवळणारे यू-बोल्ट आणि बॉडीचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या ताणाने आवळावेत आणि चॅसी धुऊन प्रत्येक वेल्डची टोके पाहावीत. रंगातून उमटलेली गंजाची बारीक तांबडी रेघ दिसली तर ती तड असते. तिच्या टोकाला लहान छिद्र पाडून ती थांबवावी, मात्र ती का पडली हे सापडेपर्यंत तिच्यावर वेल्ड मारू नये आणि गाडी चढावर नेऊ नये.