थ्रॉटल जुळवल्यावर गाडी स्लोला थरथरते? आधी लिंकेज सोडवा

दोन वेबर डीसीओई कार्बोरेटरांच्या (प्रत्येकाला दोन तोंडं, दर सिलिंडरला एक) स्पोर्ट्स कारचे थ्रॉटल, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपा, जुळवले, बॉनेट लावलं आणि गाडी स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) मिसिंग करायला, म्हणजे अडखळायला लागली, की हात पुन्हा त्याच स्क्रूंकडे वळतो. तिथेच काम बिघडतं. चारही सिलिंडर एकाच क्रँकला जोडलेले असतात. एक लंगडा झाला की दुसऱ्याची रेस वाढवून तो झाकता येतो, आणि मग मूळ दोष कुठे आहे हेच कळेनासं होतं. म्हणून इंजिन बंद करा आणि सुरुवात लिंकेजपासून करा.

ॲक्सिलरेटर केबल आणि दोन कार्बोरेटरांना जोडणारा रॉड, दोन्ही सोडवा. आता इंजिन चालू करून पाहा. गाडी शांत चालली तर कार्बोरेटर निर्दोष आहेत. केबल ताणलेली आहे किंवा रॉडची लांबी चुकली आहे, त्यामुळे बटरफ्लाय (थ्रॉटलची गोल झडप) आपल्या स्टॉपवर टेकतच नाही. केबलला एक-दोन मिलिमीटर ढील हवीच. रॉडची लांबी अशी ठेवा की बॉल जॉइंट जोर न लावता बसेल आणि बसताना बटरफ्लाय हलणार नाही.

तरीही थरथर असेल तर स्टॉप स्क्रू, म्हणजे स्लोला बटरफ्लाय किती उघडी राहील हे ठरवणारा स्क्रू, पाहा. तो पूर्ण मागे घ्या, मग लिव्हरला जेमतेम टेकेपर्यंत आत आणा आणि तिथून आणखी अर्धा फेरा आत द्या. गाडी जिवंत ठेवायला एका फेऱ्यापेक्षा जास्त लागत असेल, तर तो मोठा इशारा आहे. बटरफ्लाय जास्त उघडली की तिच्या कडेमागची प्रोग्रेशनची (स्लोवरून रेस वाढताना पेट्रोल देणारी) बारीक छिद्रं उघडी पडतात आणि इंजिन तिथून पेट्रोल ओढू लागतं. मग मिक्स्चर स्क्रू (स्लोचं हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा) कितीही फिरवा, काहीच फरक पडत नाही. खरा दोष बहुतेकदा दुसरीकडे असतो: ठिणगीचं टायमिंग मागे पडलेलं, आयडल जेट (स्लोचं पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) लहान किंवा तुंबलेला, नाहीतर कुठून तरी हवा ओढली जाते आहे.

हवेची गळती शोधायला पाण्याची फवारणीची बाटली पुरते. गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर उडवू नका. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळाचा) जोड, स्पिंडलची (बटरफ्लायच्या दांड्याची) टोकं, ब्रेक बूस्टरचा पाइप अशा एकेका जागी थोडं पाणी मारा. रेस बदलली की जागा सापडली. कार्बोरेटर रबरी ओ-रिंगवर बसवलेले असतील, तर नट कचकचून आवळणं हाच दोष असू शकतो. तिथल्या स्प्रिंग वॉशरच्या वेटोळ्यांत साधारण १ मिलिमीटर फट राहिली पाहिजे.

आता जुळवणी. गाडी १५-२० मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. काम उघड्यावर करा; सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये धूर कोंडतो आणि तो जीवघेणा असतो. सिंक्रोमीटर (आत जाणारी हवा मोजणारं उपकरण) चारही तोंडांवर आळीपाळीने धरा. तो नसेल तर अर्धा मीटर रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं तोंडात त्याच जागी धरून फुसफुस ऐका. कान लवकर तयार होतो. एकाच कार्बोरेटरच्या दोन तोंडांत फरक असेल तर स्पिंडल पिळलेला आहे किंवा बटरफ्लाय मधोमध नाही. १५१ किंवा १५२ मॉडेल असेल तर कमी हवा घेणाऱ्या तोंडाचा बायपास स्क्रू (बटरफ्लायला वळसा घालून हवा सोडणारा) उघडून ते दुसऱ्याच्या बरोबरीला आणा. मग दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवा आणि रेस ९०० ते १००० आरपीएमवर ठेवा. रेसिंग कॅमशाफ्टला याहून जास्त लागेल.

मिक्स्चर शेवटी. जुन्या जाड आट्याच्या स्क्रूला सुमारे एक फेरा, बारीक आट्याच्या नव्याला दोन ते अडीच, इथून सुरुवात करा. एकेक स्क्रू रेस पडेपर्यंत हळूहळू आत घ्या, मग इंजिन सर्वात गोड चालेल तिथपर्यंत बाहेर. आत घेताना तळाशी जोर लावू नका, टोक खराब होतं. एखाद्या स्क्रूने काहीच बदलत नसेल आणि त्याच तोंडातून फट्‌फट् आवाज येत असेल, तर त्याचा आयडल जेट काढून हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं. लिंकेज जोडल्यावर २५०० आरपीएमला जुळवणी पुन्हा तपासा. स्लोला बरोबर आणि रेसला वेगळी असेल तर रॉड चुकला आहे.

पुण्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे व्हॅक्यूम गेजचा (इंजिनाची हवेची ओढ दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा पुस्तकातल्यापेक्षा दीड-दोन इंच कमी येतो. तो दोष नाही. उंचीमुळे मिक्स्चर किंचित रिच (पेट्रोल जास्त) होतं, पण ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल ते त्याहून जास्त लीन (पेट्रोल कमी) करतं, म्हणून जुन्या सेटिंगवर गाडी फटफटू शकते. तेच पेट्रोल जुने रबरी पाइपही फुगवतं. नाना पेठेतून नवे घेताना इथेनॉल चालणारेच मागा. पेट्रोलचा दाब ३.५ पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर फ्लोट चेंबर ओव्हरफ्लो होऊन प्लग काळे पडतील.

कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या चार थ्रॉटल बॉडी असतील, तर स्टॉप हलवल्यावर थ्रॉटल सेन्सरचा बंद स्थितीतला व्होल्टेज बदलतो. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) आपण स्लोला आहोत हेच समजत नाही, म्हणून तो शून्यबिंदू पुन्हा शिकवावा लागतो.

एवढं करूनही एकच सिलिंडर लंगडा राहिला, तर कार्बोरेटर सोडा. टॅपेटची (इंजिनाच्या व्हॉल्व्हची) फट मोजा आणि कॉम्प्रेशन तपासा.