समुदायाचा अभ्यास: प्रश्नावली नंतर, आधी बसून बघा

क्षेत्रकार्याला, म्हणजे लोकांत प्रत्यक्ष जाऊन अभ्यास करायला, निघालेले विद्यार्थी माझ्याकडे येतात ते बहुधा प्रश्नावली छापूनच. ती मी काढून घेते. पहिला महिना तरी नुसतं जायचं, बसायचं, बघायचं. प्रश्न आधीच ठरले की उत्तरं आपल्याच चौकटीत अडकतात.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टनमधल्या इटालियन वस्तीत अभ्यासासाठी राहिला. तिथल्या त्याच्या वाटाड्याने त्याला बजावलं होतं, फार प्रश्न विचारू नकोस. पुढे तरुणांच्या टोळीबरोबर बोलिंग खेळताना त्याला दिसलं, की गुण नुसत्या कौशल्यावर मिळत नव्हते. टोळीत ज्याचं जे स्थान, साधारण तसेच त्याचे गुण. खालच्या पायरीवरचा मुलगा पुढे जाऊ लागला, की बाकीचे टोमणे मारून त्याचा खेळ बिघडवत. हे कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात सापडलं असतं?

मग समुदायाची सीमा ठरवा. नकाशावर रेघ मारणं सोपं असतं, पण तेवढ्यावर थांबू नका. ‘आपली माणसं’ म्हणताना लोक कोणाला धरतात आणि कोणाला वगळतात, ते टिपून ठेवा. नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉट्सन यांचा इंग्लंडमधल्या दोन शेजारी वस्त्यांचा अभ्यास 1965 साली प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे कामगार कुटुंबं, मिळकत-नोकऱ्यांत फारसा फरक नाही. तरी जुने रहिवासी नव्यांना कमी लेखत. जुनी घरं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होती, स्थानिक संस्थांमधली पदं त्यांच्याकडे होती, आणि नव्यांबद्दलच्या कुचाळक्या झपाट्याने पसरत. म्हणून वय, शिक्षण, उत्पन्न यांच्या रकान्यांशेजारी ‘इथे कधीपासून’ हा रकाना हवाच. पदं कोणाकडे आहेत आणि कोणाची बदनामी कोण करतं, हेही लिहा. माझ्या मते सत्तेचा माग उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा इथे लवकर लागतो.

मुलाखती यानंतर. जो माणूस आपणहून पुढे येऊन ओळखी करून देतो, त्याच्याच ओळखीत फिरत राहू नका. तो ज्यांच्याकडे नेत नाही, त्यांच्याकडे मुद्दाम जा. ‘आमच्यात भेदभाव नाही’ हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या, आणि सभेत खुर्चीवर कोण बसलं, उभं कोण राहिलं, हे त्याच्या शेजारी लिहा. दोन्ही नोंदी खऱ्याच असतात. त्यांच्यातलं अंतर हाच तुमचा अभ्यासविषय.

नोंदी त्याच रात्री पूर्ण करा: पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, स्वतःला वाटलेलं वेगळं. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 साली कर्नाटकातल्या एका गावात काम केलं. त्यावरून वर्षानुवर्षं तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती 1970 साली अमेरिकेत स्टॅनफर्डमधल्या आगीत सापडल्या. पुढचं पुस्तक त्यांना मुख्यतः स्मरणावर लिहावं लागलं.

लिहिताना नावं बदलाच, पण छोट्या समुदायात तेवढ्याने भागत नाही. वस्तीत एकच शिक्षिका असेल, तर ‘एक शिक्षिका म्हणाली’ हे तिचं नाव छापल्यासारखंच. असा तपशील कितीही मोलाचा असला, तरी तिची स्पष्ट परवानगी नसेल तर मी तो गाळायला लावते.