दिवा स्टेशनात संपणारी पॅसेंजर दादरला न्यायची, तर अर्ज कसा करायचा

मे महिन्यात आईला गावाहून घेऊन आलो. करंजाडीला रत्नागिरी-दिवा पॅसेंजरमध्ये चढलो, बसायला जागाही मिळाली. हाल सुरू झाले ते दिव्याला, ठाण्याजवळच्या स्टेशनात. गाडी आता तिथेच संपते आणि पुढे लोकल धरावी लागते. एका हातात तांदळाची गोणी, खांद्याला फणसाची पिशवी, दुसऱ्या हाताने आईचा दंड धरलेला. पुलाच्या प्रत्येक पायरीवर ती उजवा पाय टाकायची, मग डावा त्याच्या शेजारी आणायची, मग थांबायची. आम्ही पलीकडे उतरेपर्यंत दोन लोकल निघून गेल्या. तिसरीच्या दारातल्या एका अनोळखी मुलाने तिला हात देऊन आत घेतलं. 2020 च्या टाळेबंदीआधी हीच गाडी दादरला जायची आणि तिथून परळचं आमचं घर अगदी जवळ.

गाडी पुन्हा दादरपर्यंत न्यावी म्हणून कोकणातले प्रवासी मागे लागलेत, मीही त्यातला एक. तुमच्या स्टेशनाच्या वतीने अर्ज करायचा असेल तर मला ठेचा खाऊन कळलेलं इथे लिहितो.

आधी पत्ता नीट घाला. गाडी कोकणातली असली तरी कोकण रेल्वेची हद्द रोह्याला संपते. रोहा, पनवेल, दिवा आणि पुढे दादर हा सगळा मध्य रेल्वेचा भाग. आम्ही पहिला अर्ज एकाच कार्यालयात दिला आणि सहा महिने वाट बघत बसलो. आता तीन प्रती करतो: कोकण रेल्वेला बेलापूरला, मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना मुंबईत आणि तिसरी दिल्लीला रेल्वे बोर्डाला. प्रत्येकीच्या तळाशी बाकी दोघांची नावं 'प्रत माहितीसाठी' म्हणून लिहा. आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्जात 'प्रवाशांचे हाल होतात' हे एका परिच्छेदात संपवा. हाल त्यांना माहीत आहेत. त्यांची खरी अडचण वेगळी असते: पॅसेंजर उशिरा आली तर दिव्यापुढे लोकलचं वेळापत्रक कोलमडतं. या एका मुद्द्याला उत्तर देण्यात तुमची निम्मी मेहनत जायला हवी.

त्यासाठी वही घाला. महिनाभर रोज कोणीतरी गाडीत असतंच. कुठल्या स्टेशनात गाडी दुसरीला वाट द्यायला (म्हणजे क्रॉसिंगला) किती वेळ बाजूच्या रुळावर उभी राहिली, रोह्याला किती वाजता आली, पनवेलला किती, दिव्याला किती, एवढंच लिहायचं. रोहा ते वीर मार्ग दुहेरी झाला आहे, पण वीरच्या दक्षिणेला बहुतेक सगळी एकेरी लाइन. एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजरच थांबते. उशीर नक्की कुठे होतो हे आकड्यांत दिसलं की 'ही गाडी उशिराच येते' या शेऱ्याऐवजी 'अमुक क्रॉसिंग बदला' अशी ठोस सूचना करता येते. नोंदी पावसाळी वेळापत्रकाच्याही ठेवा. जूनमध्ये वेग कमी होतो, वेळा बदलतात, आणि फक्त उन्हाळ्याच्या वेळांवर आखलेला प्रस्ताव तिथेच अडतो.

दुसरं उत्तर रुळांचं. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. म्हणजे दिव्यापासून कुर्ल्यापर्यंत लांबच्या गाड्यांना लोकलपासून वेगळे रूळ आहेत. गाडी दिव्याला तोडली तेव्हा ही सोय पूर्ण नव्हती, हे अर्जात ठळक लिहा. कुर्ला ते दादर मात्र अशी वेगळी जोडी नाही. तेही लपवू नका, उलट लोकलची गर्दी नसलेली वेळ स्वतः सुचवा. सकाळ-संध्याकाळची ऐन गर्दी टाळून मागितलेल्या वेळेचा निदान विचार होतो. गाडी शेवटच्या स्टेशनात किती वेळ उभी असते आणि तोच रेक, म्हणजे डब्यांचा संच, परत जातो का, हेही विचारून घ्या. दिवा ते दादर अंतर सुमारे 33 किलोमीटर. उभं राहण्याच्या वेळेत जाऊन-येऊन बसतं का, याचा हिशेब तुम्हीच मांडून द्या.

दादरला नाहीच जमलं तर कुर्ला टर्मिनस, असा पर्याय काही जण लिहितात. तो दुय्यम म्हणूनच लिहावा असं माझं मत आहे. बोरिवली-विरारच्या कोकणवासीयांना पश्चिम रेल्वेची लोकल दादरलाच मिळते, कुर्ल्याला उतरून त्यांचा एक बदल वाढतो.

आता तिकीट, ज्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. खेड, माणगाव, वीर, कुठूनही निघा, खिडकीवर दिवा मागू नका. उतरायचं दादरला असेल तर दादरचंच तिकीट घ्या. आपण दिव्यापर्यंत काढतो आणि पुढे लोकलचं वेगळं घेतो, मग विक्रीच्या नोंदीत दादरला जाणारा माणूस दिसतच नाही. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हे समजावून सांगा. विक्रीचे आकडे माहिती अधिकारात मिळवता येतात: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. 'गाडी का वाढवत नाही?' असं विचारू नका. 'करंजाडी स्टेशनातून एप्रिल आणि मेमध्ये दादरची अनारक्षित तिकिटं किती विकली गेली?' असं विचारा.

खासदारांकडे जाताना नुसतं निवेदन नेऊ नका, लोकसभेत विचारायच्या अतारांकित प्रश्नाचा मसुदाच तयार करून न्या. त्याचं लेखी उत्तर येतं आणि ते कायमचं नोंदीत राहतं. रायगड-रत्नागिरीबरोबर मुंबई-ठाण्याच्या खासदारांनाही गाठा. आपले चाकरमानी त्यांचे मतदार आहेत.

आणि 1 मेची ग्रामसभा सोडू नका. सुट्टीमुळे मुंबईकर गावातच असतात. ठराव मंजूर झाला की ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या, पुढे पावसात आणि शेतीच्या कामांत ती राहून जाते. शेजारच्या चार-पाच गावांचे ठराव जोडून एकच गठ्ठा करा, वर स्टेशनाचं नाव लिहा आणि वहीच्या पानांच्या झेरॉक्स त्यात घालायला विसरू नका.