चेनसॉच्या साखळीला हाताने धार लावताना

साखळीला धार आहे की नाही हे ओळखायचं असेल तर करवतीखाली पडलेला भुसा मुठीत घ्या. धार असली की लाकडाचे जाडसर, चौकोनी कपचे पडतात. पिठासारखी पूड पडायला लागली की मशीन बंद करा आणि कानस काढा. दोन अपवाद तेवढे लक्षात ठेवा. वाळून खडंग झालेलं लाकूड चांगल्या धारेखालीही बारीकच पडतं, आणि खोड उभं चिरताना लांब धागे निघतात. म्हणून परीक्षा घ्यायची ती ओल्या लाकडाच्या आडव्या कटावर.

दुसरी खूण तुमच्या खांद्याला कळते. धारदार साखळी बारला, म्हणजे ती ज्याच्या कडेने फिरते त्या लोखंडी पट्टीला, स्वतःच लाकडात ओढून घेते, तुम्ही फक्त मशीन धरायचं. दाबावं लागलं की धार गेली. माझ्याबरोबर कामाला येणारी नवी पोरं अशा वेळी मशीन बदला म्हणतात, जास्त ताकदीचं आणा म्हणतात. मी आधी साखळी बघतो. बहुतेक वेळा मशीनमध्ये काहीच खोट नसते. आणि दाबून कापण्यात नुसते श्रमच जातात असं नाही. फांदी तुटते त्या क्षणी तुमचा सगळा जोर अचानक मोकळा होतो आणि फिरती साखळी पायाच्या दिशेने येते.

कानस घासण्याआधी दात समजून घ्या. प्रत्येक दाताला वरची पात आणि बाजूची पात असते, आणि दोन्ही मिळतात तो कोपरा. खरं काम तो कोपरा करतो. बाजूची पात लाकडाचे धागे तोडते, वरची पात तो तुकडा रंध्यासारखा उचलते. दाताच्या पुढे जो बुटका उंचवटा असतो, त्याला रेकर किंवा डेप्थ गेज म्हणतात. दात किती खोल चावेल हे तो ठरवतो. एक दात डावा, पुढचा उजवा, असा क्रम साखळीभर चालतो. ही रचना १९४६ साली जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याला सुचली, तीही लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे बघून. अळी दोन्ही बाजूंना आलटून पालटून कुरतडते, साखळीही तेच करते. त्याआधीच्या साखळ्यांना साध्या करवतीसारखे दात असत आणि त्यांना धार लावण्यातच निम्मा वेळ जाई.

आता कानस. गोलच हवी, आणि साखळीच्या मापाचीच हवी. साखळीचं माप इंचांत सांगतात, कानशीचं मिमीत. ३/८ लो-प्रोफाइल साखळी, म्हणजे लहान मशीनवर असते ती, तिला ४ मिमी. .३२५ ला ४.८ मिमी. मोठ्या ३/८ ला ५.२ मिमी, काही कंपन्या ५.५ सांगतात. .४०४ ला ५.५ मिमी. माप बारवर किंवा साखळीच्या कडीवर कोरलेलं असतं. पुसलं गेलं असेल तर ओळीने तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजा आणि निम्मं करा. तीन रिव्हेट साधारण १९ मिमीत बसले तर ३/८, साडेसोळा मिमीत बसले तर .३२५. लहान कानस दाताखाली जास्त खोल जाते, मोठी धारेला बोथट कोन देते. जवळपासच्या मापाची चालवून घेऊ, असं इथे जमत नाही.

कानशीला मूठ बसवल्याशिवाय वापरू नका. नुसतं टोक तळहातात घुसतं. कानशीला तेलही लावू नका. तेलात लोखंडाचा कीस चिकटतो आणि ती घसरायला लागते. ब्रशने झाडली की पुरे.

मशीन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, हातात मोजे. बार वाइसमध्ये, म्हणजे स्क्रूने आवळायच्या पकडीत, पकडा. रानात वाइस नसतो, तेव्हा एखाद्या बुंध्याला कटाची खाच पाडून बार त्यात घट्ट बसवा. मांडीवर मशीन घेऊन घासणारे बघितले आहेत. दात हलतो, कोन बिघडतो, कशालाच अर्थ राहत नाही. साखळी थोडी ताणून घ्या म्हणजे दात डुगडुगणार नाहीत. घासताना चेन ब्रेक, म्हणजे साखळी अडवणारा ब्रेक, लावलेला, साखळी पुढे सरकवताना सोडलेला.

सगळ्यात जास्त झिजलेला दात शोधा आणि त्यावर खडूची खूण करा. तिथून सुरुवात, कारण बाकीचे दात त्याच्या लांबीला आणायचे आहेत. कोन बहुतेक साखळ्यांना ३० अंश, काहींना २५. वरच्या पातीवर कंपनीने बारीक रेघ कोरलेली असते, कानस तिला समांतर ठेवा. वर-खाली मात्र कानस आडवीच हवी, मूठ झुकू देऊ नका. काही चौकोनी कोपऱ्याच्या साखळ्यांना मूठ १० अंश खाली हवी असते, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसला पाहिजे. हे सगळं नजरेने जमेपर्यंत कोनाची रेघ असलेलं गाईड वापरा, त्यात कमीपणा नाही.

घासायचं ते दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने. परत येताना कानस उचला. मागेपुढे घासल्याने कानसही मरते आणि दातही. दोन-तीन लांब, सावकाश हात मारा आणि प्रत्येक दाताला तितकेच मारा. एका बाजूचे सगळे दात संपवून मग मशीन फिरवा. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर जास्त लागतोच. त्यामुळे एका बाजूचे दात आखूड होतात आणि कट वाकडा जायला लागतो. कट सतत एकाच अंगाला तिरका जात असेल तर आधी दोन्ही बाजूंचे दात मोजा. ते सारखे निघाले, तर बारची खाच झिजलीय का बघा.

धार आली की नाही हे उजेडात बघा. बोथट कड प्रकाशात चकाकते, चांगली कड दिसतच नाही.

रेकरकडे लोक दुर्लक्ष करतात. दात मागे घासला जातो तसा तो उंचीलाही कमी होतो, रेकर मात्र होता तिथेच राहतो. मग धार असूनही साखळी चावत नाही, आणि भुसा पुन्हा बारीक पडतो. चार-पाच वेळा धार लावली की रेकर तपासा. बहुतेक साखळ्यांना दात आणि रेकर यांच्या उंचीत ०.६५ मिमी फरक लागतो. लहान साखळ्यांना काही वेळा कमी. याचं वेगळं पट्टीगेज मिळतं. ते साखळीवर ठेवायचं, खाचेतून जेवढा रेकर वर डोकावेल तेवढा चपट्या कानशीने घासायचा आणि पुढची कड गोल करायची. अंदाजाने घासू नका. रेकर जास्त उतरला तर दात एकदम मोठा घास घेतो, मशीन हिसके देतं, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला तर मशीन उसळून तोंडाकडे येतं. झपाट्याने कापते म्हणून रेकर मुद्दाम उतरवणारे भेटतील. त्यांच्या शेजारी उभे राहू नका.

एवढं सगळं रोज लागत नाही, जर तुम्ही धार जायची वाट बघत बसला नाहीत तर. पेट्रोल भरायला थांबता तेव्हा इंजिन थंड होईपर्यंत प्रत्येक दाताला दोन हात मारा. पूर्ण मेलेली साखळी जिवंत करायला खूप धातू घासावा लागतो आणि तिचं आयुष्य तिथेच संपतं.

धार घालवणारी मुख्य गोष्ट म्हणजे माती. फिरती साखळी क्षणभर जमिनीला लागली तरी काम संपलं. जमिनीवर पडलेला ओंडका पूर्ण आरपार कापू नका. तीन-चतुर्थांश कापा, ओंडका गडगडवा, मग उरलेला वरून कापा. चिखल लागलेली साल आधी कोयत्याने तासून टाका. कुंपणाला लागून वाढलेल्या झाडाने तार, खिळे पोटात घेतलेले असतात. कटात निळसर काळा डाग दिसला की लोखंड जवळ आहे असं समजून थांबा.

धार लावून झाली की ताण पुन्हा बघा, साखळी थंड असताना. बारचं टोक थोडं वर उचलून नट कसा. साखळी खालून बारला चिकटलेली हवी, आणि तरीही मोजा घातलेल्या हाताने सहज फिरायला हवी. गरम झाल्यावर ती लांबते, मग आपण कसतो. काम संपल्यावर मात्र आठवणीने सैल करा, नाहीतर थंड होताना आकसून बारला आणि क्रँकशाफ्टला ताण देते. तेल पोहोचतंय का हे बघायला मशीन चालू करून बारचं टोक फिक्या पुठ्ठ्यावर, पण न टेकवता, धरा. तेलाच्या थेंबांची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारची खाच आणि तेलाचं भोक साफ करा. जळकं इंजिन ऑइल बारला घालू नका, त्यातली घाण पंप खाते. बार दर धारेला उलटा करा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

दाताची वरची पात मागच्या खुणेपर्यंत, साधारण ४ मिमीपर्यंत आली, किंवा कुठे चीर दिसली, की साखळी फेका. दोन साखळ्या आलटून पालटून वापरल्या तर स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चाक, तोही त्यांच्याबरोबर झिजतो. नवी साखळी आणताना त्याचे दात खोल गेलेत का ते बघून घ्या. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी लवकर खराब होते.