जुन्या फर्म्यांवरून गर्ल स्काउटचा गणवेश शिवताना या चुका टाळा

ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १२ मार्च १९१२ रोजी जॉर्जियातील सव्हाना शहरात १८ मुलींना घेऊन गर्ल स्काउट्स या मुलींच्या स्काउट संघटनेच्या कामाला सुरुवात केली. दरवर्षी हा दिवस जवळ आला की न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून मला विचारणा होऊ लागते. लेकीच्या तुकडीला प्रदर्शनासाठी जुन्या धाटणीचा खाकी गणवेश हवा असतो, आईने कुठून तरी जुन्या फर्म्याचे, म्हणजे कापड बेतण्याच्या कागदी नमुन्याचे, पाकीट मिळवलेले असते, आणि माझ्याकडे येईपर्यंत बहुतेक वेळा कापडाला कात्री लागून गेलेली असते. त्याच त्या चुका इतक्यांदा निस्तरल्या आहेत की त्या आता लिहूनच काढते.

सर्वांत महागात पडणारी चूक शिवणीच्या जागेची आहे. आजच्या अमेरिकी फर्म्यांत शिवणीसाठी पाच सूत, म्हणजे ५/८ इंच, जागा धरलेली असते. जुन्या फर्म्यांपैकी अनेकांत ती तीनच सूत असते आणि काहींत मुळीच नसते. मीही सुरुवातीला इथेच फसले. बारा वर्षांच्या एका मुलीसाठी मी खाकी ड्रिलचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, लांब कोट शिवत होते. पाठ दोन तुकड्यांची होती, म्हणजे बाजूच्या दोन आणि पाठीची एक अशा तीन उभ्या शिवणी होत्या. सवयीने मी सगळीकडे पाच सुतांवर टीप मारली. प्रत्येक कडेला दोन सूत जास्त गेले, म्हणजे एका शिवणीत अर्धा इंच आणि तीन शिवणींत मिळून दीड इंच. मुलीने कोट घातला, बटणे कशीबशी लागली. पण तीन बोटे उभी करून प्रतिज्ञेसाठी हात वर नेताच काखेत कापड ताणले गेले आणि कोटाचा घेर कमरेपर्यंत वर आला. उसवून पुन्हा शिवावे म्हटले तर तेही शक्य नव्हते, कारण आतली एक कड कातरून, दुसरी तिच्यावर दुमडून मी चपटी दुहेरी शिवण पक्की करून टाकली होती. बाजूचे तुकडे नव्याने कापावे लागले. त्या ताग्यातले कापड संपलेले होते, आणि दुकानातून आणलेले दुसरे खाकी घरातल्या दिव्याखाली अगदी तसेच दिसले, तरी अंगणातल्या उन्हात ते हिरवट निघाले.

तेव्हापासून मी पाकिटावरची आणि आतल्या कागदावरची सूचना अक्षर न अक्षर वाचल्याशिवाय कात्री हातात घेत नाही, फर्म्याची छाती शिवणीची जागा वगळून टेपने मोजते, आणि प्रत्येक तुकड्यावर किती सूत ते पेन्सिलीने लिहून ठेवते. कापडही अर्धा वार जास्तच घेते. शिवाय पहिला कोट नेहमी मांजरपाटाचा बेतते, कच्च्या टाक्यांनी जोडते आणि मुलीला तो घालून हात वर करायला, मांडी घालून बसायला आणि बुटाची नाडी बांधायला सांगते. एवढा वेळ नाही असे सांगणाऱ्यांना मी स्पष्टच म्हणते की मग हे काम हाती घेऊ नका.

दुसरी चूक छिद्रांची. मॅकॉल कंपनीने १९२० च्या दशकात छापील फर्मे आणले, तरी बटरिकसारख्या कंपन्यांचे कोरे, छिद्रे पाडलेले फर्मे १९४० च्या दशकातही विकले जात होते. त्या तलम कागदावर एक अक्षर नसते, असतात ती लहानमोठी छिद्रे. कुठली उभा धागा दाखवतात, कुठली घडीची कड, तर कुठली चुण्यांची आणि खिशाची जागा. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असल्यामुळे एकीचे नियम दुसरीला लावू नयेत. घाईत अंदाजाने बेतलेली बाही तिरक्या धाग्यावर येते आणि दोन धुण्यांत पिळवटते. मग दोष मशीनला दिला जातो. मूळ कागद कापडावर टाचून कापणे हा तर निव्वळ नाश आहे. मी कमी आचेच्या कोरड्या इस्त्रीने कागद सरळ करते, ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक छिद्रासह उतरवते आणि मूळ प्रत परत पाकिटात ठेवते.

मुलीच्या वयावरून माप निवडू नये. पाकिटावर १२ वर्षे लिहिलेले असले तरी शेजारचा छातीचा आकडाच खरा.

कोरे सुती ड्रिल बेतण्यापूर्वी पाण्यातून काढावे, कारण ते उभ्या धाग्यात चांगलेच आटते. पॉलिस्टर मिसळलेले खाकी स्वस्त आणि बिनइस्त्रीचे असते हे खरे, पण त्याची चमक काही लपत नाही. तीच गोष्ट पॉलिस्टर दोऱ्याची.

पाकिटावरचा कापडाचा हिशेब बहुधा ३६ इंची पन्ह्याचा असतो. ४४ किंवा ५८ इंची कापडावर तुकडे आधी मांडून पाहावेत.

चेन आणि व्हेल्क्रो नकोत. व्हेल्क्रोचे पेटंटच १९५५ चे आहे, तेव्हा १९२० च्या कोटात ते कसे चालेल? हाताने काज करावेत, आणि ते आधी चिंधीवर दहा वेळा करून पाहावेत.

साल ठरवल्याशिवाय रंग घेऊ नये, हे मी प्रत्येकीला सांगते. पहिला पोशाख गडद निळा होता, १९१४ च्या सुमारास खाकी आला आणि १९२८ मध्ये राखाडी छटेचा हिरवा. खाकी कोटावर हिरव्या काळातली पदके लावलेली मी पाहिली आहेत, आणि ती लावणाऱ्या मुलीला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. खरी जुनी पितळी पिन मिळाली तर ती थेट ड्रिलवर टोचू नये. आतून फेल्टचा छोटा तुकडा ठेवावा, म्हणजे तिच्या वजनाने कापड फाटत नाही.